मागे लोक थांबलेत

अप्पांनी केलेल्या सर्व्हरला एकच खोड होती. उत्तर दिलं की तो लाईन तोडत असे. तुम्ही विचारा, ‘पाणी आलं का?’ तो सांगणार, ‘नाही’, आणि लगेच रिसीव्हर ठेवून दिल्यासारखा गप्प. पाच सेकंदांनी परत विचारायचं तर परत दार वाजवा, परत आपण कोण ते सांगा, परत ‘नाही’ ऐका. ही खोड त्याला कुणाकडून लागली हे आमच्या घरात कुणाला विचारावं लागलं नसतं. अप्पा चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात होते. त्या चौतीस वर्षांत आणि निवृत्तीनंतरच्या बारा वर्षांत ते माझ्याशी फोनवर सलग दोन मिनिटं बोलल्याचं मला आठवत नाही. ‘पोचलीस? बरं. ठेवतो, मागे लोक थांबलेत.’ मागे कोण थांबलेलं असायचं? घरात ते आणि अव्वा, म्हणजे माझी आई. त्यातली अव्वा स्वयंपाकघरात.

अप्पा गेले त्याला चार महिने झाले. पण ही गोष्ट त्यांची नाही, सर्व्हरची आहे, आणि मी विषय सोडून बोलणार नाही.

जुळे सोलापुरात आमची सोसायटी आहे. दोन विंग, बत्तीस घरं. पाणी चार दिवसांनी येतं, कधी पाच. ते किती वाजता येईल हे पाण्यालाही ठाऊक नसतं. पिण्याच्या पाण्याचा नळ खाली पार्किंगमध्ये. पाणी आलं की तो तासभर वाहतो आणि मग पुढचे चार दिवस नुसता दिसतो. तो तास ज्याचा चुकला त्याने शेजाऱ्यांकडे तांब्या घेऊन जायचं, आणि शेजारी आधी तांब्याकडे बघणार, मग आपल्याकडे. हा अपमान टळावा म्हणून अप्पा एकोणसत्तराव्या वर्षी व्हिडिओ बघून पायथन शिकले. खालच्या हौदात एक तरंगता गोळा सोडला, पंपरूममध्ये जुना कॉम्प्युटर मांडला, तोच हा सर्व्हर, आणि एक पान तयार केलं. मोबाईलवर ते पान उघडलं की ए विंगची टाकी किती, बी विंगची किती आणि नळाला पाणी आलं का, एवढं कळे. पान उघडं ठेवलं तर ते दर पाच सेकंदांनी स्वतःच विचारत राही. पाणी आलं की पानावर मोठ्या अक्षरांत येई, ‘पाणी आलं. घागरी घ्या. भांडण नको.’

एका रविवारी सकाळी चेअरमन मानसिंग काका घरी आले. काका मूळचे उजनीच्या काठावरचे. केळीची बाग भावाच्या हाती देऊन मुलांच्या शिक्षणासाठी सोलापुरात आले. मुलं शिकून पुण्याला गेली आणि काकांची सगळी मायेची ओढ सोसायटीच्या ड्रेनेजवर आली. ते सोफ्याच्या कडेला बसले. अवघड बोलायचं असलं की ते कडेला बसतात.

“पोरी, राग मानू नगंस. पन तुज्या अप्पांचं ते यंत्र लई दमलंय. परवा पाणी आलं, मी फोन उघडला, तर नुसतं चाक फिरतंय. चाक थांबंस्तवर नळ बंद.”

“सगळे एकदम विचारतात काका. त्याला एकेकाला उत्तर द्यावं लागतं.”

“व्हय की. आता बघायला मानूसच न्हाय म्हटल्यावर...” एवढं बोलून त्यांनी अव्वाकडे पाहिलं आणि घाईघाईने चहात बिस्कीट बुडवलं. ते तुटून आत पडलं.

मुद्दा असा होता की पुण्याच्या एका कंपनीचं तयार ॲप मिळत होतं. पुढच्या रविवारी अकरा वाजता मीटिंग, त्यात ठराव. ठराव झाला की पंपरूममधलं टेबल, कॉम्प्युटर वगैरे हलवायचं, कारण रंगाच्या डब्यांना जागा नव्हती.

“त्याच्यावर चादर आहे,” अव्वा म्हणाली.

काकांना काही कळलं नाही. कॉम्प्युटरला धूळ लागू नये म्हणून अव्वाने घरातली जुनी चादर कापून खोळ शिवली होती. अप्पांच्या पायांवर असायची ती चादर. मी म्हटलं, “काका, मला रविवारपर्यंत वेळ द्या. मी दुरुस्त करते.”

“तू?”

हा ‘तू’ मला लागला. मी बार्शीच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. रोज एसटीने जाते-येते, आणि जाता-येता वाचते. पुस्तकात जे लिहिलेलं आहे ते आपल्याला करता येतं असा माझा समज आहे. तो आजवर कुणी खोडलेला नव्हता, कारण आजवर मी काही केलंच नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी पंपरूममध्ये जाऊन मी खोळ काढली आणि अप्पांचा प्रोग्राम पहिल्यांदा वाचला. एकशे अठरा ओळी. त्यात मधेमधे मराठीत शेरे. ‘इथे हात लावू नये.’ ‘हे का चालतं माहीत नाही, पण चालतं.’ ‘हे आता कळलं.’ आणि उत्तर पाठवण्याच्या भागाच्या वर एक शेरा होता : ‘लाईन धरून ठेवायची नाही. मागे लोक थांबलेत.’

मी चष्मा पुसला. पंपरूममध्ये हवा दमट असते.

सल्ल्यांची काही कमतरता नव्हती. मी पंपरूममध्ये बसलेली दिसते म्हटल्यावर जो तो वाकून जाई. तिसऱ्या मजल्यावरच्या शिवलीला काकू म्हणाल्या, “यंत्राला डासांच्या अगरबत्तीचा वास बाधत असेल की.” बी विंगचे शिवपुत्र इन्व्हर्टर-बॅटऱ्या विकतात. त्यांच्या मते बॅटरीच बदलायला हवी होती. त्या कॉम्प्युटरला बॅटरी नाही असं मी म्हटलं तर म्हणाले, “तेच तर सांगतोय.” मानसिंग काका टेबलफॅन घेऊन आले आणि तो कॉम्प्युटरच्या तोंडाशी लावून गेले. त्याने टेबलावरच्या अप्पांच्या वहीची पानं उडायला लागली तेवढीच.

खरा सल्ला नंदीशचा. नंदीश शिवलीला काकूंचा जावई, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. काकूंनीच फोन लावून माझ्या हातात दिला.

“ताई, तुमचा सर्व्हर प्रत्येक उत्तरानंतर कनेक्शन बंद करतोय. एक पान उघडायला फोन पाच वेळा दार वाजवतो. पान वेगळं, रंग वेगळे, टाकीचं चित्र वेगळं. दर वेळी नवं कनेक्शन. बत्तीस घरं गुणिले पाच. दमणारच. त्याला कनेक्शन उघडं ठेवायला सांगा. कीप-अलाइव्ह म्हणतात. एका ओळीचं काम आहे.”

‘एका ओळीचं काम’ हे शब्द ऐकून मी हुरळले, ही माझी पहिली चूक. ‘फक्त एक सही लागेल’ असं सांगणाऱ्या ऑफिसांत माझी निम्मी उमेद गेलेली असताना मला हे कळायला हवं होतं. पण ओळ खरोखर एकच होती. सर्व्हर जुन्या पद्धतीने बोलत होता, आवृत्ती एक पूर्णांक शून्य. ती एक पूर्णांक एक करायची. त्या पद्धतीत दार उघडंच राहतं. एका दशांशाचा फरक. मी अप्पांचा शेरा न खोडता त्याच्या खाली ती ओळ लिहिली, सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि मोबाईलवर पान उघडलं.

चाक फिरू लागलं. फिरतच राहिलं. मी घरी जाऊन भाकरी खाऊन आले तरी फिरत होतं.

याचं कारण शोधायला मला रात्र पुरली नाही, मंगळवारची एसटी लागली, आणि ते सापडलं तेव्हा मी वैरागजवळ मोठ्याने ‘अरेच्चा’ म्हणाले. शेजारची बाई पिशवी मांडीवर घेऊन सरकून बसली. कारण असं. पूर्वी सर्व्हर लाईन तोडायचा, त्यावरूनच मोबाईलला कळायचं की बोलणं संपलं. आता लाईन तुटत नाही, तर संपलं हे कळायचं कसं? मोबाईल बिचारा कान लावून बसलेला, अजून काही बोलतील म्हणून. आमच्या कॉलेजात प्रमुख पाहुणे ‘मी फार वेळ घेणार नाही’ म्हणतात आणि किती घेणार ते सांगत नाहीत, तेव्हा सभागृहाची जी अवस्था होते तीच ही. उपाय सोपा आहे. बोलायला लागण्याआधीच सांगून टाकायचं, माझं भाषण इतक्या अक्षरांचं आहे. तेवढी ऐका आणि टाळ्या वाजवा.

मी संध्याकाळी प्रोग्रामला अक्षरं मोजायला लावलं. पान झटकन उघडलं. मी ग्रुपवर लिहिलं, ‘पानाची दुरुस्ती झाली आहे. कृपया पाहावे.’ ‘पाहावे’ लिहिताना मला बरं वाटलं.

पंधरा मिनिटांत बी विंगचं शिष्टमंडळ पंपरूमच्या दारात.

“ताई, हे काय?” शिवपुत्रांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. “ए विंगची टाकी आहे. बी विंग कुठंय?”

मी पाहिलं. ए विंग होती. तिच्याखाली ‘बी’ एवढं होतं आणि त्यापुढे काळ्या चौकटीत एक प्रश्नचिन्ह. मग काहीच नाही.

“आमच्यापुढं प्रश्नचिन्ह?” मागून एक आवाज आला. “लिफ्टच्या वेळेस पण असंच केलं होतं.”

“हे चेअरमननी सांगितलं असणार. ते ए विंगचेच की.”

मानसिंग काका आवाज ऐकून आले. “मी काय सांगितलं? मला ह्यातलं येतं का काय? मी फक्त फॅन दिला!”

लिफ्टचं भांडण सहा वर्षांपूर्वीचं. ते पुन्हा पहिल्यापासून झालं. मी दोन्ही बाजूंना हात जोडले आणि चटकन पंपरूमचं दार लावून घेतलं. दोष माझ्या मोजण्यात होता. मी अक्षरं मोजली होती, आणि यंत्र अक्षरं मोजत नाही, ते मापाने घेतं. इंग्रजीचं एक अक्षर एका मापात बसतं. आपल्या देवनागरीच्या प्रत्येक खुणेला, नुसत्या वेलांटीलासुद्धा, तीन मापं लागतात. मी यंत्राला सांगितलेला आकडा कमी पडला. तेवढं माप भरलं की मोबाईल टाळ्या वाजवून मोकळा, आणि तोवर भाषण जेमतेम बी विंगच्या दारात पोचलेलं. अप्पांनी पान इंग्रजीत लिहिलं असतं तर मी पहिल्याच फटक्यात यशस्वी झाले असते आणि बी विंगला कधी कळलंही नसतं की आपल्याला वगळता येतं.

बुधवारी मापं मोजून आकडा दिला. बी विंग परत आली. शिवपुत्रांनी ‘धन्यवाद’ असं लिहिलं आणि पुढे पूर्णविराम दिला, त्यावरून ते अजून रागात आहेत हे कळलं. पण पान आता खरंच पळत होतं. फक्त दर अर्ध्या मिनिटाने एक हिसका बसे आणि नव्याने जोडल्यासारखं होई.

“तो राउटर आहे, ताई,” नंदीश म्हणाला. “सर्व्हर लाईन धरतो, तर मधला राउटर तोडतो. त्याची सेटिंग इंटरनेटची कंपनीच बदलू शकते. एक फोन करा फक्त.”

एक ओळ, एक फोन. मी फोन केला.

“ग्राहकांशी बोलायचंय,” पलीकडची मुलगी म्हणाली. “कनेक्शन शरणप्पा सरांच्या नावावर आहे. सरांना फोन द्या.”

“ते नाहीत.”

“कधी येतील?”

मी फोन ठेवला. गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून कंपनीच्या ऑफिसात गेले. काउंटरवरच्या तरुणाने माझं सगळं नीट ऐकून घेतलं.

“मॅडम, बाकी सगळं होईल. पण ग्राहक स्वतः हवेत.”

“ते वारले.”

“अरेरे.” त्याला खरंच वाईट वाटलं. मग तो स्क्रीनकडे बघून म्हणाला, “मग त्यांच्या सहीचं अधिकारपत्र आणा.”

त्याचं त्यालाच कळलं. त्याने कान खाजवला. “म्हणजे नाव बदलायचं तर दाखला वगैरे, महिना जाईल. नुसती सेटिंग असेल तर सरांच्या मोबाईलवर नंबर येतो, तो सांगितला की झालं. पण आता मोबाईल...”

मी पर्समधून अप्पांचा मोबाईल काढला. पूर्ण चार्ज होता. तो मी चार्ज का करत असते हे त्याने विचारलं नाही, आणि मीही कधी स्वतःला विचारलेलं नाही. मोबाईल वाजला. मी सहा आकडे वाचले. त्याने ते टाइप केले आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. ‘धन्यवाद, शरणप्पा. तुमची ओळख पटली आहे.’

“अठ्ठेचाळीस तासांत होईल मॅडम.”

बाहेर पडते तोच मोबाईल पुन्हा वाजला. कंपनी अप्पांना विचारत होती की आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात, एक ते पाच. मी पाच दिले. अप्पांनी तीन दिले असते आणि कारण लिहिलं असतं.

शुक्रवार आणि शनिवारची सकाळ हे माझ्या कारकिर्दीतले सर्वोत्तम दिवस. पान झटकन उघडे. जिन्यात भेटेल तो म्हणे, “शेवटी शरणप्पांचीच मुलगी.” मानसिंग काकांनी टेबलफॅन परत नेला, तोही आपलं श्रेय सांगत. शनिवारी मी बार्शीला गेले आणि संपूर्ण दिवस एकदाही पान उघडून पाहिलं नाही. आत्मविश्वास असा असावा.

त्याच शनिवारी दुपारी कंपनीने आयुष्यात पहिल्यांदा दिलेला शब्द वेळेवर पाळला.

रविवारी सकाळी सहाला जाग आली. पाण्याचा दिवस. मोबाईलवर पान उघडलं. चाक. मला वाटलं, पाणी आलं नसेल म्हणून सांगायला वेळ लागत असेल. या विचारात काही अर्थ नाही हे मला आत्ता लिहितानाही दिसतंय. पण तेव्हा सहा वाजले होते आणि यंत्र मी स्वतः दुरुस्त केलेलं होतं. मी कूस बदलली. सव्वासातला खालून आरडाओरडा ऐकू आला.

पार्किंगमध्ये नळ कोरडा होता. त्याच्यासमोर एकतीस घरांची माणसं रिकाम्या घागरी, कळशा, बाटल्या घेऊन उभी. आणि लिफ्टच्या दारापाशी शिवलीला काकू, त्यांच्याभोवती दोन ड्रम, चार घागरी, पातेली, कुकर, थर्मास आणि एक फुलदाणी. सगळं काठोकाठ भरलेलं.

“काय हो काकू,” शिवपुत्र म्हणाले, “सगळं सोलापूर पिणार का तुमच्याकडे?”

“मला काय बोलता? पानावर दिसलं पाणी आलं, मी आले. बघते तर कुण्णीच नाही! दहा मिनिटं वाट बघितली. म्हटलं, सगळे अक्कलकोटला गेले की काय. मग पाणी वाया जाऊ द्यायचं का? घरात भांडंच उरलं नाही, म्हणून शेवटी फुलदाणी आणली.”

“पण आमच्या फोनवर तर चाकच फिरतंय!”

“तुमच्या फोनचं मला काय माहीत? माझ्यावर दिसलं.”

“काकू, तुमचा फोन कुठे आहे?”

“ओट्यावर. मिसळणाच्या डब्याला टेकवून.” मग त्यांचा आवाज जरा खाली आला. “तो मी बंदच करत नाही गं. सकाळपासून ते पान लावलेलंच असतं. शरणप्पाभावजी गेल्यापासून. कालपासून तर हिसकाही बसत नाही बघ, किती छान केलंस. वाटतं, कुणीतरी खाली बसून बघतंय आपल्यासाठी.”

आणि मला एकदम सगळं कळलं, जे आठ दिवसांत कळलं नव्हतं. अप्पांच्या सर्व्हरला तोंड एकच होतं. तो एका वेळी एकाशीच बोलू शकत होता. म्हणून तर तो सांगायचा आणि ठेवायचा, सांगायचा आणि ठेवायचा. म्हणजे हळूहळू का होईना, बत्तीस जणांचा नंबर लागे. मी दार उघडं ठेवलं, तर जो पहिला आत शिरला तो आतच बसला. शुक्रवारी हे कळलं नाही, कारण मधला राउटर दर अर्ध्या मिनिटाने काकूंना हाताला धरून उठवत होता. त्यालाही मीच गप्प बसवून आले होते, अप्पांच्या नावाने.

हे मी सगळ्यांना जमेल तसं सांगितलं.

“म्हंजे,” मानसिंग काका म्हणाले, “ह्ये नळाला डायरेक्ट मोटर लावल्यागत झालं की! एकाचं धो धो, मागच्याला थेंब न्हाय.”

एवढं सोपं उदाहरण मला सुचलं नव्हतं. सगळ्यांना एका क्षणात समजलं आणि सगळ्यांच्या माना शिवपुत्रांकडे वळल्या.

“माझ्याकडं काय बघताय? ती गेल्या उन्हाळ्यातच काढली!”

काकूंनी कुणी न सांगता घागरी वाटायला सुरुवात केली. फुलदाणीतलं पाणी मात्र कुणी घेईना. मानसिंग काका माझ्याजवळ आले. ते आवाज चढवतील असं वाटलं होतं. त्यांनी उतरवला, ते जास्त वाईट होतं. “पोरी, तू केलंस, लई केलंस. पन आता अकराला मी लोकांना काय सांगू? लोक ॲपच मागनार.”

“अकराला अजून साडेतीन तास आहेत,” मी म्हटलं.

मी पंपरूममध्ये बसले. उपाय पुस्तकात होता, आणि या वेळी मी पुढची दोन प्रकरणंही वाचली. येणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्र माणूस द्यायचा. एक काकूंशी बोलेल, दुसरा शिवपुत्रांशी, तिसरा आणखी कुणाशी. पायथनमध्ये हा माणूस तयार मिळतो, प्रोग्राममधलं सर्व्हरचं नाव बदललं की झालं. आणि लाईन धरून जो नुसता गप्प बसेल, त्याची लाईन काही वेळाने सोडून द्यायची. किती वेळाने, तेवढा आकडा आपण घालायचा. तिथे येऊन मी अडले. समोर अप्पांचा शेरा होता.

अव्वा चहा घेऊन खाली आली. तिने शेरा वाचला. अप्पांचं अक्षर नव्हतं ते, टाइप केलेलं होतं, तरी तिने स्क्रीनवर बोट ठेवून वाचलं.

“तू झालीस तेव्हा मी माहेरी बार्शीला होते,” ती म्हणाली. “हे ट्रंकच्या बोर्डावर, लोकांचे परगावचे फोन जोडून द्यायच्या ड्यूटीवर. दादाने पोस्टातून फोन लावला, मुलगी झाली म्हणून. हे म्हणाले, बरं, ठेवतो, मागे लोक थांबलेत. दादा इतका चिडला! पण तेव्हा बार्शीला लाईनी मोजक्या. कुणाचं कोण दवाखान्यात, कुणाचं काय. तीन मिनिटं झाली की यांना लोकांचे फोन तोडावे लागायचे. स्वतःचा कसा लांबवणार?”

“मग?”

“मग काय. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आले. बोलायचं असलं की ते यायचे.”

मला आठवलं. महिन्यातून एखाद्या शनिवारी काही न कळवता अप्पा बार्शीला लायब्ररीत येऊन बसलेले असत. वर्तमानपत्र वाचत, मी मोकळी होईपर्यंत. मग आम्ही एकाच गाडीने परत यायचो. दोन तास. बोलायचे ते, भरपूर. फोनचा हिशेब ठेवण्याच्या नादात मी एसटीचा धरलाच नव्हता.

“चहा निवतोय,” अव्वा म्हणाली. “इरली बिडू, राहू दे, ॲप तर ॲप. एवढं मनाला लावून घेऊ नकोस.”

“ॲप येणार नाही, अव्वा,” मी म्हटलं आणि आकडा घातला.

अकराला पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मी उभी राहून कबूल केलं की सकाळची चूक सर्वस्वी माझी, अप्पांच्या यंत्राची नाही. मग म्हटलं, “सगळ्यांनी आत्ता, एकदम, पान उघडा. आणि कुणीही बंद करू नका.”

बत्तीस माना खाली गेल्या. काकूंनी ओट्यावरचा फोन मागवला. कुठे चाक दिसलं नाही. ए विंग, बी विंग, सगळं जिथल्या तिथे.

“ह्ये झालं,” मानसिंग काका म्हणाले. “पन पाणी आल्यावर दिसंल ह्याची काय ग्यारंटी?” असं म्हणून ते स्वतःच उठले, सगळ्यांदेखत हौदाचं झाकण सरकवलं आणि हातातल्या काठीने आतला गोळा वर उचलून धरला.

बत्तीस मोबाईलांवर एकाच क्षणी आलं. ‘पाणी आलं. घागरी घ्या. भांडण नको.’

पुढे जे झालं ते मी शपथेवर सांगू शकते. काका काठी धरून वाकलेले सगळ्यांना दिसत होते. नळ कोरडा आहे हे सगळ्यांना माहीत होतं, सकाळी त्याच्यावरून भांडण झालं होतं. तरी ती अक्षरं दिसताच दोन बायका उठल्या. त्या उठल्या म्हणून शिवपुत्र उठले. ते उठले म्हणून बी विंग उठली, आणि बी विंग उठल्यावर ए विंग कशी बसेल? अर्ध्या मिनिटात जिन्यात घागरींचा आवाज घुमायला लागला. खुर्च्यांवर अव्वा, मी आणि शिवलीला काकू उरलो. काकूंच्या घरी रिकामं भांडं नव्हतं.

काका काठी धरून तसेच वाकलेले. “अरं, कुटं चालला? मी धरलंय त्ये! मीटिंग चालू हाय!” कुणी ऐकलं नाही.

तिघींवर सभा होत नाही, असं नियमातच आहे. ठराव मांडायला माणसं नव्हती. माणसं घागरी घेऊन परत आली तेव्हा त्यांना एकमेकांच्या तोंडाकडे बघवेना, आणि यंत्र चालत नाही असं म्हणायची तर कुणाचीच छाती नव्हती. शिवपुत्र हातातल्या कळशीकडे बघत म्हणाले, “टेबल राहू दे आहे तिथं. रंगाचे डबे आमच्या जिन्याखाली ठेवा.” मानसिंग काका कंबर धरून सरळ झाले आणि त्यांनी वहीत लिहिलं, ‘विषय क्रमांक एक रद्द.’

मी पंपरूममध्ये जाऊन खोळ घालणार होते, पण एक काम राहिलं होतं. गप्प बसलेल्याची लाईन किती वेळ धरायची, तिथे मी एकशेऐंशी सेकंद घातले होते. तीन मिनिटं, ट्रंकच्या बोर्डावर मिळत तेवढी. अप्पांचा शेरा तसाच ठेवला आणि त्याच्याखाली माझा पहिला शेरा लिहिला :

‘मागच्यांची सोय केली आहे. निवांत बोला.’